चार निळसर राखाडी शेड्स आणि आईचे दोन डोळे

पिवळा रंग थोडा इकडचा तिकडे झाला तरी पिवळाच राहतो, गुलाबी गुलाबीच. निळसर राखाडीचं तसं नाही. राखाडीत निळं किती पडलंय आणि त्या निळ्याच्या मागोमाग जांभळं आलंय की हिरवं, एवढ्यावर खोलीचा सगळा नूर पालटतो. दुकानातल्या शेड कार्डावर मात्र हा फरक इतका बारीक असतो की चार पट्ट्या शेजारी धरल्या तरी ‘एकच तर आहेत’ असं वाटतं. गेल्या दिवाळीआधी आईच्या खोलीला रंग काढताना आम्ही अशाच चार शेड्सपाशी येऊन थांबलो. त्यातली एक ठरेपर्यंत उजेडाबद्दल, रंगाच्या डब्याबद्दल आणि आईच्या डोळ्यांबद्दल बरंच काही कळलं. ते सविस्तर लिहितेय, कारण हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आधी खोली कशी आहे ते सांगते. पुण्यात सहकारनगरमधली आमची इमारत १९८०च्या आसपासची. दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. खिडकी एकच, उत्तरेला, आणि खिडकीबाहेर रेन ट्रीची मोठी फांदी. फरशी जुनी मोझेकची, पिवळट पांढऱ्यावर तांबूस आणि काळी खडी. दाराशेजारच्या भिंतीला लागून आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट, वर्षानुवर्षांच्या पॉलिशने चांगलंच तांबूस झालेलं. भिंतींना क्रीम रंगाचं डिस्टेंपर होतं. पाठ टेकली की ब्लाउजला पावडर लागायची. आईला तिथे पारवा रंग हवा होता. “शांत दिसला पाहिजे, पण मेलेला नको,” एवढीच तिची अट. ऐकायला सोपी आहे. निळसर राखाडीत सगळी मेख नेमकी याच दोन गोष्टींच्या मध्ये असते.

अजून एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्या ऑगस्टमध्ये आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्याचं दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. रंग निवडताना याचा काही संबंध येईल असं तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं.

बोहरी आळीतल्या दुकानात गेलो. तिथे भला मोठा पंखा उघडावा तसं शेड कार्ड उघडलं जातं आणि माणूस दबून जातो. निळसर राखाडीच्याच कितीतरी पट्ट्या. आईने झराझर नको त्या बाजूला केल्या आणि चार राहिल्या. शेड्सची इंग्रजी नावं लक्षात राहण्यासारखी नव्हती, म्हणून मी मागे पेन्सिलीने अ, ब, क, ड लिहिलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चारही जवळपास सारख्या. अ थोडी जास्त राखाडी आणि ड थोडी जास्त निळी, एवढंच कळत होतं. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, “ताई, माझ्या ट्यूबखाली ठरवू नका. घरी न्या, चार दिवस ठेवा.” आणि त्याने चारही शेड्सचे छोटे नमुन्याचे डबे करून दिले.

डबे होत असताना मशीनपाशी उभी राहिले, ते फार कामाचं ठरलं. पांढऱ्या बेसच्या डब्यात मशीन वेगवेगळ्या नळ्यांतून रंगद्रव्याच्या पिचकाऱ्या सोडतं आणि त्याचा हिशेब छापलेली चिठ्ठी झाकणावर चिकटवली जाते. चिठ्ठीवर नुसते कोड असतात आणि ते प्रत्येक कंपनीचे वेगळे. पण दुकानदाराला विचारलं तर तो वाचून दाखवतो. अ मध्ये जवळजवळ सगळा काळा आणि निळ्याची एक बारीक पिचकारी. ब मध्ये काळा, निळा आणि थोडा जांभळा. क मध्ये काळा, निळा आणि पिवळा ऑक्साइड. ड मध्ये काळ्यापेक्षा निळाच जास्त. कार्डावर तासभर डोळे ताणूनही जे दिसलं नसतं ते चिठ्ठीने सांगून टाकलं: ब जांभळ्याकडे जाणार, क हिरव्याकडे. यापुढे मी कुठलाही रंग घेताना आधी चिठ्ठी वाचून घेईन. पांढऱ्यात नुसता काजळीचा काळा मिसळला तरी येणारी राखाडी मुळातच जराशी निळसर असते, हेही त्या दिवशी कळलं. म्हणजे अ मध्ये निळा कमी दिसला तरी ती कोरडी राखाडी नव्हती.

नमुने थेट भिंतीवर ओढायचे नाहीत, असं आमच्या पेंटरमामांनी बजावलं होतं. मामा मूळचे सोलापूरकडचे, तीस वर्षांहून जास्त काळ पुण्यात रंगकाम करतायत. त्यांचं म्हणणं, “क्रीमच्या भिंतीवर राखाडी ओढली की ती क्रीमशी भांडते. खरी शेड दिसतच नाही.” त्यांनी जाड पांढऱ्या कार्डशीटचे मोठे तुकडे आणायला लावले आणि प्रत्येकावर रोलरने दोन हात मारले, कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडून. कार्डशीटचे हे चार पत्रे वेगवेगळे, म्हणजे एका वेळी एकच भिंतीवर लावून बघता येतो आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर नेता येतो.

मामांचा हा ‘भांडते’ शब्द मला पुढे सारखा आठवत राहिला, कारण त्यांच्या अनुभवाला जुना शास्त्रीय आधार आहे. फ्रान्समध्ये गोबेलिनच्या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचा प्रमुख होता. काळा धागा हवा तितका काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागा तपासला, तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगांच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा पलीकडच्या रंगावर चढवतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. रंगचक्रात नारिंगीच्या विरुद्ध बाजूला निळा असतो. आमच्या खोलीत तांबूस सागवानी कपाट होतं, फरशीत तांबूस खडी होती. म्हणजे या खोलीत कुठलीही राखाडी आपोआप थोडी निळी दिसणार होती. हे वाचून समजणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. अ चा पत्रा पांढऱ्या चादरीवर ठेवला तर सरळ राखाडी. तोच कपाटाच्या दाराला टेकवला आणि निळा झाला. आईला मी दोनतीनदा करून दाखवलं आणि तिने दर वेळी मान डोलावली.

ओल्या रंगावरून काही ठरवायचं नाही, हेही सांगून ठेवते. प्लास्टिक पेंटमधला जो चिकटवणारा भाग असतो तो ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. म्हणून रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. चारही पत्रे रात्रभर वाळू दिले आणि मग बघायला सुरुवात केली.

उत्तरेच्या खोलीचा उजेड हा वेगळाच प्रकार आहे. तिथे थेट ऊन जवळजवळ नसतं, जे येतं ते आकाशाकडून येतं, आणि निरभ्र आकाश निळं असतं. चित्रकारांना स्टुडिओसाठी उत्तरेची खिडकी आवडते ती त्या उजेडात दिवसभर फारसा फरक पडत नाही म्हणून. पण राहत्या खोलीत हाच उजेड प्रत्येक गोष्टीवर निळसर हात फिरवतो. ढगाळ दिवशी खोली जास्त निळी दिसत असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात उलट आहे. ढग पांढरा-करडा उजेड देतात. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरचं स्वच्छ निळं आकाश खिडकीत भरलं की खोली खरी निळी होते. आम्ही बघत होतो तेव्हा परतीचा पाऊस चालू होता, त्यामुळे दोन्ही प्रकार आलटून पालटून बघायला मिळाले.

स्वच्छ आकाशाच्या सकाळी ड ने निराशा केली. कार्डावर सगळ्यात गोड दिसणारी शेड ती, पण खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली तर थंडगार, अस्मानीकडे झुकलेली. आई म्हणाली, “अगं, हा तर दवाखान्यातला निळा झाला.” ब सकाळी बरी होती, दुपारनंतर मात्र तिच्यातलं जांभळं वर आलं. मला जांभळट राखाडी आवडते, पण आईची अट पारव्याची होती. क चं वागणं जागेप्रमाणे बदलत होतं. आतल्या भिंतीवर छान, खिडकीच्या जवळ नेली की हिरवट. बाहेरच्या रेन ट्रीचा उजेड पानांवरून परतून आणि पानांतून गाळून आत येत होता. पावसाळ्यात झाड पूर्ण भरलेलं असतं, तेव्हा हा हिरवा उजेड चांगलाच जोरकस असतो. खिडकीबाहेर झाड असेल तर हिरव्याकडे झुकणारी राखाडी निवडताना हे बघून घ्याच. आणि अ? ढगाळ दुपारी खिडकीच्याच भिंतीवर तिचं सिमेंट झालं. बाकी तीन भिंतींवर ती सकाळी निळसर, दुपारी राखाडी आणि कपाटापाशी कायम निळी.

भावाला बंगळुरूला फोटो पाठवले. त्याला चारही एकाच रंगाचे दिसले, कारण फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग स्वतःच दुरुस्त करून टाकतो. नेमका जो फरक आम्ही शोधत होतो तोच फोटोतून पुसला जातो. रंगाच्या बाबतीत फोटोवरून कुणाचं मत घ्यायचं नाही, हे माझं पक्कं मत झालंय.

आता डोळ्यांकडे येते. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि घरात साठीपुढची माणसं असतील त्यांनी तो जरूर वाचावा.

एका सकाळी मी आईला क चा पत्रा दाखवला. ती म्हणाली, “हा मळका वाटतो.” आदल्या दिवशी तोच पत्रा तिला निळा-हिरवा आणि प्रसन्न वाटला होता. आधी मला वाटलं उजेड बदललाय. मग लक्षात आलं, ती खुर्चीत डाव्या बाजूला वळून बसली होती आणि उजव्या डोळ्यावर चष्म्याची जाड काडी येत होती. मी तिला म्हटलं, “आई, एकेक डोळा झाकून बघ बरं.” तिने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि पत्रा बघितला. मग उजव्यावर ठेवला. परत डाव्यावर. आणि हात खाली घेऊन माझ्याकडे बघून म्हणाली, “हे दोन वेगळे रंग आहेत गं.”

झालं होतं असं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, मोतीबिंदूत तर ते तपकिरीपर्यंत जातं. असं भिंग निळा उजेड अडवून धरतं. हे वर्षानुवर्षं हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला कळतही नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि अडलेला निळा उजेड एकदम आत येतो. फ्रेंच चित्रकार मोने याचं १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर सगळं फार निळं दिसतं अशी त्याची तक्रार होती. आईच्या उजव्या डोळ्यात नवं भिंग होतं आणि डाव्यात सत्तरी ओलांडलेलं जुनं. एकाच खुर्चीत बसून तिच्याकडे दोन खोल्या होत्या.

मग आम्ही चारही पत्रे परत काढले, आणि या वेळी एकेक डोळ्याने. डाव्या डोळ्याला अ मातकट दिसत होती, क शेवाळी, ब नुसती राखाडी, आणि ड एकदम बरोबर, हवा तसा पारवा. उजव्या डोळ्याला ड भडक निळी, ब सरळ जांभळी, क निळी-हिरवी, आणि अ स्वच्छ, हलकी निळसर. माझ्या चाळिशीतल्या डोळ्यांना जे दिसत होतं ते दोन्हींच्या मधलं, पण उजव्याच्या जास्त जवळचं. आईने दुकानात ड ला सगळ्यात आधी पसंती का दिली होती, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. तिच्या मनातला पारवा रंग हा इतक्या वर्षांच्या पिवळ्या भिंगातून बघितलेला पारवा होता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दोनतीन महिन्यांत होणारच होतं. त्यानंतर तिचे दोन्ही डोळे उजव्यासारखे बघणार होते आणि खोली तर पुढची सात-आठ वर्षं तशीच राहणार होती. म्हणून आम्ही ठरवलं, निवड उजव्या डोळ्याने करायची. नेत्रतज्ज्ञांकडे पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा आईने त्यांना हे सांगितलं. त्यांनी दुजोरा दिला आणि सांगितलं की ऑपरेशननंतर सुरुवातीला निळं जरा जास्तच जाणवतं, पुढे मेंदू सरावतो. म्हणजे उजव्या डोळ्याच्या मतातूनही थोडं वजा करायला हवं होतं, पण दिशा तीच राहत होती.

इथे सगळे धागे जुळून आले. उत्तरेचा उजेड निळं घालणार, तांबूस कपाट निळं घालणार, नवं भिंग निळं घालणार. शिवाय चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात तेव्हा रंग पत्र्यावर दिसतो त्यापेक्षा खोलीत जास्त गडद आणि जास्त रंगीत होतो. इतक्या बाजूंनी निळं येणार असेल तर डब्यातून ते कमीत कमी यायला हवं. शेड कार्डावर जी जवळजवळ राखाडी दिसते तीच अशा खोलीत पारवी होते. निवड अ वर आली.

राहिला प्रश्न रात्रीचा आणि खिडकीच्या भिंतीचा.

दिव्याच्या उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर. खोलीत जुनी ६५०० केल्व्हिनची, म्हणजे खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेली पांढरीफट ट्यूब होती. तिच्याखाली अ रात्री बर्फाळ दिसायची. ३००० च्या पिवळसर बल्बखाली उलट झालं. पिवळा उजेड निळ्याला मारतो, त्यामुळे नुसती राखाडी उरली, थोडी उदासच. शेवटी ४००० चा दिवा लावला, आणि मुद्दाम असा की ज्याच्या खोक्यावर रंग दाखवण्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर छापलेली आहे. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात. दोन्हींतला फरक भिंतीपेक्षा आईच्या साड्यांवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर जास्त कळतो. चार बल्ब आणून लावून बघायला रंगाच्या मानाने काहीच खर्च येत नाही, आणि रंग ठरवायच्या आधी हे करून घेतलं तर निम्मा गोंधळ वाचतो. काही शेड्स एका दिव्याखाली जुळ्या बहिणी वाटतात आणि दुसऱ्याखाली ओळखही दाखवत नाहीत. ब आणि अ दुकानातल्या ट्यूबखाली सारख्याच होत्या, आणि ३००० खाली ब गुलाबट झाली.

झिरोच्या दिव्यात काय दिसतं हेही मी बघितलं, कारण आई रात्री उठते. अंधुक उजेडात डोळा वेगळ्या पेशींनी बघतो आणि त्या निळ्याकडे जास्त संवेदनशील असतात. चेक शास्त्रज्ञ पुरकिन्येने एकोणिसाव्या शतकात हे टिपलं: अंधारू लागलं की तांबडी फुलं काळवंडतात आणि निळी त्यामानाने उजळ राहतात. आमच्या खोलीत रात्री कपाट काळं होतं आणि भिंत मात्र फिकट, ओळखू येईल अशी राहते. त्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड उठून दिसतो. क्रीम भिंतीवर तो हरवायचा आणि आई अंधारात भिंत चाचपायची. वयस्कर माणसाच्या खोलीत भिंत आणि बोर्ड यांत एवढा फरक हवाच, असं मला आता वाटतं.

खिडकीच्या भिंतीचा तोडगा मामांनीच काढला. ज्या भिंतीत खिडकी असते तिच्यावर खिडकीचा उजेड पडतच नाही. डोळा खिडकीच्या लख्ख उजेडाला सरावलेला असतो आणि शेजारची भिंत काळवंडलेली दिसते. कुठलीही राखाडी तिथे मार खाते. “ती भिंत छताबरोबर ऑफव्हाइट करू, काकू. तीन भिंतींना शेड, एक मोकळी,” मामा म्हणाले. आईला आधी पटेना, तिला चारही सारख्या हव्या होत्या. मी ऑफव्हाइटचा एक कागद खिडकीच्या कडेला लावून दिला. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की खिडकीकडे बघताना डोळे दिपत नाहीत. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तिरीप सहन व्हायची नाही, त्यामुळे याचा तिला रंगापेक्षाही जास्त आराम मिळाला.

मग काम सुरू झालं. डिस्टेंपर खरवडून काढलं, ओल कुठे आहे का बघितलं, लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर लावला. या पायऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं वेगळं काही नाही, मात्र घाई करू देऊ नका. फिनिश आम्ही मॅट घेतलं. चकचकीत रंगात उत्तरेचा उजेड आरशासारखा परततो आणि भिंतीचे सगळे उंचसखलपण दिसतात. मॅटवर उजेड पसरतो आणि राखाडी मऊ दिसते. धुण्याच्या दृष्टीने मॅट थोडा नाजूक, पण या खोलीत लहान मुलं नाहीत.

रंग किती लागेल याचा हिशेब मामांनी तोंडी केला. तीन भिंती, दार आणि कपाटामागचा भाग वजा जाता तीनशे चौरस फुटांच्या आत. एका लिटरमध्ये दोन हातांचं साधारण ६० ते ७० चौरस फूट होतं. म्हणून चार लिटरचा एक डबा आणि एक लिटरचा एक. दोन्ही डबे एकाच वेळी बनवून घेतले आणि घरी आल्यावर मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळले. निळसर राखाडीत हे करायलाच हवं. मशीनची एखादी पिचकारी केसभर कमीजास्त झाली तरी दोन डब्यांच्या सांध्यावर भिंतीत रेघ दिसते. पांढऱ्यात ती खपून जाते, इथे नाही.

पहिला हात मारला तेव्हा भिंत ढगाळ, डागाळलेली दिसत होती. आई दारातून बघून काही न बोलता परत गेली. मामा शांत होते. “दुसरा हात बसल्याशिवाय शेड बोलत नाही,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा हात वाळला. आकाश स्वच्छ होतं. भिंती निळसर होत्या, कपाटाच्या कडेने जरा जास्त, कोपऱ्यात राखाडी. आई पलंगावर बसली, डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं, मग काढून. “पारवा आहे,” म्हणाली. तिच्या लहानपणी वाईच्या घरी दिवाळीआधी चुन्यात नीळ घालून तो भिंतींना द्यायचे, त्या पहिल्या दिवशी अशाच दिसायच्या, हेही तिने सांगितलं. त्यात तथ्य आहे. नीळ घालायचे ते चुन्याचा पिवळटपणा मारायला, आणि ती सुरुवातीला थोडी वरचढ दिसायचीच.

डिसेंबरमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिला खोली पहिले काही दिवस जास्त निळी वाटली, मग सवय झाली. ड लावला असता तर आता कसं दिसलं असतं हे बघायला तिने तो पत्रा मुद्दाम मागून घेतला, आणि बघून लगेच परत दिला.

मे महिन्यात मी एक गोष्ट मुद्दाम बघणार आहे. पुण्याचं अक्षांश साडेअठराच्या आसपास असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. ते पिवळं ऊन या भिंतीवर पडलेलं आम्ही अजून बघितलेलं नाही. माझा अंदाज, खोली त्या तासाभरापुरती सरळ राखाडी होईल.

उरलेला रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलाय, आणि डब्यावरची चिठ्ठी, फिनिशचं नाव आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, म्हणजे पुढे कुठे खरचटलं तर शोधाशोध नको. आता हॉलचा नंबर आहे. हॉल दक्षिणेचा, दिवसभर पिवळं ऊन, समोर झाड नाही. तिथे अ चं सिमेंट होणार हे पत्रा धरताक्षणी कळलं. सध्या सोफ्याच्या वरच्या भिंतीवर ड चा पत्रा लावून ठेवलाय, आणि उन्हात तो चांगला शांत दिसतोय.